दीड इंच

धानोरीतल्या माझ्या दुकानावरून
सुखोई गेलं की खडूचा डबा वाजतो,
प्रवासी विमान गेलं तर नुसता बल्ब हलतो.
वर काय गेलं ते एवढ्यावरून कळतं मला.
मान वर करत नाही. टीप चुकते.

तौसिफनं मोबाईलवर काढून दिलं:
पुणे ते एडमंटन, बारा हजार किलोमीटर,
थोडं कमीच.
सरळ उडालं तर तास चौदा.
"पण सरळ जातंच नाही ना काकू कुठलं,"
म्हणाला, आणि काजं करायला बसला.

मग त्याच्या पोराचा पृथ्वीगोल मागून घेतला,
अप्पा बळवंत चौकातला, समुद्राला पोपडे आलेला.
पुणं त्यावर नव्हतंच.
मुंबईच्या जरा खाली, उजवीकडं बोट दाबलं
आणि कुंदाच्या गावापर्यंत धागा ताणला.
मला वाटलं होतं दुबई, लंडन, असा आडवा जाईल.
तो सुटला तडक वर,
गोल ज्या खिळ्यावर फिरतो
त्या खिळ्याला जवळजवळ घासून
पलीकडं उतरला.
टेप लावली. साडेसात इंच.
कोपरापर्यंतची बाहीसुद्धा बसत नाही एवढ्यात.

कुंदाला जाताना एकतीस तास लागले.
दिल्लीहून फोन, पोचले.
टोरांटोहून फोन, पोचले.
जिथं उतरेल तिथं पोचले म्हणते,
आणि अजून उडायचं बाकीच.
थंडीत ते लोक साडेबारा तास मागं.
मी भिंतीवरचं घड्याळ तेच वापरते,
अर्ध्या तासाची तेवढी मुडप घालते.

आता तिच्या जुईलीला ब्लाऊज हवाय,
आईच्या नारायणपेठवर, शाळेच्या निरोपाला.
व्हिडिओवर उभी राहिली, टेप गुंडाळून, स्वेटरवरूनच.
"मावशी, थर्टी टू."
मुंढा म्हणजे कुठं ते तिला ठाऊक नाही,
मी काचेवर बोट ठेवून दाखवते,
ती तिसरीकडंच हात लावते.
माझ्या वहीत तिचं माप आहे,
फ्रॉकचं, सहा वर्षांची असतानाचं.
खांदा साडेनऊ. पुढं माझ्याच अक्षरात:
हलते फार.

शिवणीत माया सोडायची ती अर्धा इंच,
फार तर पाऊण.
हिच्यासाठी दोन्हीकडं दीड सोडली.
तौसिफ म्हणाला, काकू, आतून फुगेल.
फुगू दे.
अंगात येईल तशी उसवत जाईल.
उसवायचं कसं ते चिठ्ठीत लिहिलंय,
आधी काखेतली टीप, मग कमरेची,
चिठ्ठी मराठीत. कुंदा वाचून दाखवेल.

कुरिअरवाल्यानं विचारलं, आत काय?
कापड, म्हटलं.
वजन किती? एकशे ऐंशी ग्रॅम.
नऊ दिवस लागतील म्हणाला, जास्तही लागतील.

दुपारी बल्ब हलला.
पाय मशीनवरून काढला,
वर पाहिलं.
पत्रा.