धडा

सावद्याच्या नाक्यावर आमचा वजनकाटा.
रात्री साडेअकरानंतर केळीच्या गाड्या विरळ होतात,
मग मी मोबाईलवर सत्तेचा विचार उघडते.
सत्ता म्हणजे निवडणुकीतली नव्हे, असण्यातली.
एवढं कळायलाच मला अख्खा मार्गशीर्ष लागला.

फायली भुसावळहून आणते.
स्टेशनच्या फुकट वाय-फायवर,
फलाटाच्या पार टोकाला, जिथे पार्सलच्या हातगाड्या उभ्या असतात,
अर्ध्या तासात मावेल तेवढंच तत्त्वज्ञान.
एकदा तर्कशास्त्र एक्क्याण्णव टक्क्यांवर अडकलं
आणि माझी रावेर एसटी गेली.

सुरुवातीला नुसतं ‘तत्त्वज्ञान’ लिहून शोधायची.
सुविचार यायचे,
मागे मावळता सूर्य, खाली गुलाबाचं फूल.
मग कळलं, इथेही प्रश्न नीट विचारावा लागतो.
कुठल्या तरी विद्यापीठाने मोकळी सोडलेली व्याख्यानं सापडली.
सरांचा खोकला, खडूचा आवाज,
मागच्या बाकावर कुणी तरी हसलेलं.
त्या हसणाऱ्याने फी भरली होती.
मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हा
तीनशे ऐंशी रुपये कमी होते.

जुनी मराठी पुस्तकंही मिळाली,
पान पान उघडून कुणी तरी स्कॅन केलेली.
एकात, पान एकशे तेरावर,
अंगठा आला आहे.
रुंद नख, त्याच्या कडेला हळद.
‘म्हणून आपल्याला असे म्हणता येईल की’
आणि पुढे अंगठा.
पान एकशे चौदाला दुसरंच प्रकरण सुरू.

सायबू तडवी हमाली आटोपून चहा घेऊन येतो.
“काय वाचू राह्यली व ताई?”
सांगितलं.
“फुकट हाये?”
हो.
“मंग कोनी तरी आधीच भरले असतीन.”
बशीत चहा ओतून तो निघूनही गेला.
मी आठ दिवस त्यावर अडून.
पुस्तकांत याचं उत्तर दिसलं नाही.
हळद तेवढी दिसली.

भरली गाडी सोळा हजार दोनशे चाळीस किलो.
रिकामी, म्हणजे धडा, सहा हजार आठशे ऐंशी.
निव्वळ नऊ हजार तीनशे साठ. ती केळी.
आम्ही रोज हेच करतो,
असण्यातून वाहून नेणारं वजा.
मी स्वतःचंही करून पाहिलं:
नाव वजा, भारंबे वजा, नाक्यावरची बाई वजा,
पहाटे दुखणारे गुडघे वजा करता येईनात.
काटा थरथरत राहिला.
मशीन म्हणतं, गाडी स्थिर करा.

अंगठ्याखाली काय असेल,
ते मी पावत्यांच्या पाठीवर लिहून बघते.
अकरा वेगवेगळे शेवट झालेत.
सातवा बरा होता.

परवा धांदलीत तीच पावती दिल्लीच्या गाडीला दिली गेली.
फोन करून परत मागवावी असं आधी वाटलं,
नंबरही काढला होता.
आता आझादपूरच्या मंडीत कुणी कारकून
वजन बघून ती उलटी करेल.
अक्षरं त्याला लागतील, लिपी तीच.
अर्थ अर्धामुर्धा.
शाईशेजारी
माझ्या बोटाचा केळीच्या चिकाचा डाग.

बाहेर हॉर्न वाजतोय.
या, गाडी पुढे घ्या.