घट

कंपनीनं या टॅब्लेटला सोडून दिलं
त्याला तीन वर्षं झाली.
आप्पांनी सेलमहून आणलेला, दुकान मोडलं तेव्हा.
पाठीवर तेजाबाचा डाग,
चांदणीसारखा वगैरे नाही,
डागासारखाच.

पहिल्या रात्री बूटलोडर उघडला.
पिवळ्या अक्षरांत सूचना: आतलं सगळं पुसलं जाईल.
आवाज वाढवायचं बटण म्हणजे होय,
कमी करायचं म्हणजे नाही.
मी आवाज वाढवला.

गेले
सात वर्षांचे सोन्याचे भाव (आप्पांकडे वहीत आहेत),
ओजसचा खेळ, दोनशे बाराव्या पातळीवरचा
(ओजसकडे कुठंच नाही).
भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

उबुंटू चढलं, पण आडवं.
मान वाकडी करून मी त्याचं स्वागत वाचलं.
बोट डावीकडं ठेवावं
तर वरचं दार उघडायचं.
आप्पा पाणी प्यायला उठले होते,
दारातनंच विचारलं,
"घट किती आली?"

सव्वीस वर्षं त्यांना हाच प्रश्न
गिऱ्हाइकांनी विचारलाय, तमिळमधून.
मोड मुशीत जाते, टाकणखार पडतो,
टाके जळतात, कुणाच्या तरी बांगडीतलं तांबं
तेजाबात निळं होऊन निघून जातं.
लगड काट्यावर ठेवली
की भट्टीजवळ कुणी श्वास घेत नाही.
आधीच्या वजनातून हे वजन उणे.
जे नाही, ती घट.

"कॅमेरा गेला," मी म्हटलं, "आणि आवाज."
"लई झाली," म्हणाले
आणि झोपायला गेले.

डेबियन सरळ उभं राहिलं,
पण वायफाय ओळखेना.
स्टँडसमोरच्या गाळ्यातनं मोहसीन मुजावरनं हब दिला,
एकाच वायरीला कीबोर्ड, पेनड्राइव्ह, चार्जर, माउस,
एका शेळीला चार करडं लुचावीत तसे.
चार्जर काढला तर बॅटरी दाखवायला लागली
उणे एक टक्का.
उणे एक टक्क्यावर तो चार तास चालला.
आमच्या गल्लीत असे पुष्कळ आहेत.

सोमवारी लाईट गेली.
शेजारचे माग एकेक करत थांबले,
शेवटचा जरा उशिरा, हट्टानं.
विट्यात एवढी शांतता आठवड्यातनं एकदाच,
तेव्हा आपल्याच बोटांचा आवाज येतो.
काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळत होत्या
आणि मी वाचत नव्हते,
नुसती बघत होते,
कांडी संपेपर्यंत मागवाली बघते तशी.

तिसरं पोस्टमार्केट.
नावावरनं बाजार उठल्यानंतरचं काहीतरी वाटतं.
हे सरळ, वायफायसकट,
आवाजही आला, थोडा नाकातला.
कॅमेरा कुणालाच जमत नाही, सोडून दिलाय.
मी पहिला शब्द टाइप केला: गाळणे.
उमटले रिकामे चौकोन,
ओळीत, नीट,
बंद दुकानांसारखे.
अक्षरांचा संच शोधला, बसवला, परत चालू केलं.
ग आला. काना आला.
ळ सगळ्यात शेवटी उघडला.

आप्पांना दाखवला.
त्यांनी वाचला नाही.
कपाटातनं काटा काढला, फडक्यानं पुसला,
फुंकर मारली, शून्य होईपर्यंत थांबले
आणि टॅब्लेट वर ठेवला.
चारशे अडुसष्ट ग्रॅम.
पहिल्या रात्री, माझ्या नकळत, त्यांनी तोलला होता.
वहीच्या मागच्या पानावर आकडा आहे:
चारशे अडुसष्ट.

मी हसले. म्हटलं, "बघा, घट शून्य."
ते हसले नाहीत.
अंगठ्यानं पाठीवरचा डाग चाचपत म्हणाले,
"घट न्हाई
म्हंजे अजून गाळलंच न्हाईस तू.
काय तरी ऱ्हायलंय आत."

रात्री चौथं उतरवायला लावलं.
दोन टक्के. तीन.
ओजस येऊन शेजारी बसला,
गुडघे पोटाशी घेऊन.
"ह्यात खेळ असतो का?"
माहीत नाही, म्हटलं.
पाच टक्के.