डाव्या कानातली घंटा

हुपरीच्या सन्मती चौगुलेनं काउंटरवर ठेवला
तेव्हा वाटलं, चांदीचा पानाचा डबा असेल.
तेवढाच जड, तेवढाच गार.
"दोन म्हशींची किंमत आहे, गुंडूमामा," म्हणाला,
"दुभत्या. आणि खिशात घालून चालायला लागलं
की डाव्या कानात घंटा वाजते."

शाहूपुरीत, तिसऱ्या गल्लीत, माझ्याकडं
मिक्सर येतात, पंखे येतात, एखादी इस्त्री,
कुणाचा तरी मेलेला सेट-टॉप बॉक्स.
व्हॉल्व्ह आला तो सत्तावीस वर्षांनी.
पाठीवरच्या काचेतून आत बघितलं:
दोन, शेंगदाण्याएवढे.
आम्ही लावायचो ते वांग्याएवढे असायचे.
हेडफोन चढवून टिचकी मारली
तर आतून टण्ण झालं, लांबून,
गोठ्यात म्हशीनं मान हलवावी तसं.

"राहू दे दोन दिवस," म्हटलं.
दोन दिवसांचं काम नव्हतं.

रात्री शटर अर्धं ओढून बसलो.
आधी काहीच नाही. हा लगेच बोलत नाही.
दहा-बारा आकडे मोजेपर्यंत तापतो,
काचेत एक लाल केस उजळतो,
आणि आवाजाच्या आधी आवाजाची जागा येते,
गाणारा पोचण्याआधी
सतरंजी झटकून अंथरतात तशी.

सन्मतीनं आत काय काय भरलं होतं.
मी तंबोराच ऐकला. नुसता.
कुणीतरी घरात लावलेला,
मागं कुकरच्या दोन शिट्ट्या.
एक बटण दाबलं की व्हॉल्व्ह बाजूला होतो,
आवाज साध्या रस्त्यानं येतो. तेही करून बघितलं.
साधा रस्ता स्वच्छ होता, धुतलेल्या फरशीसारखा.
चार तारा, चारही हजर,
मस्टरवर सह्या करून उभ्या.
व्हॉल्व्हकडं वळवला
तर त्या एकमेकींच्या घरात गेल्या.

खरं सांगू का, हे खोटं आहे.
मीटर लावून दाखवतो:
आत गेलंच नाही असलं थोडं बाहेर येतंय.
पण मग तंबोऱ्याच्या घोडीवर
तारेखाली तो सुती दोरा सरकवतात,
केसभर इकडं, केसभर तिकडं,
आणि एका जागी तार अचानक उघडते,
एका सुराच्या पोटातून आणखी चार निघतात,
त्याला कोण खोटं म्हणतं?
जवारी म्हणतात.

माझे कान उद्यमनगरात गेले,
अकरा वर्षं, ओतकामाच्या शेडमध्ये.
टाळ, पैंजण, पाखरं, असलं वरचं काही
आता माझ्यापर्यंत येत नाही.
हिला सांगतो, ओरडू नको, खालच्या पट्टीत बोल.
ती म्हणते, बहिऱ्याचं उलटंच असतंय.
हा खालच्या पट्टीत बोलला.
मी दोन वाजेपर्यंत बसलो.
गल्लीतल्या कुत्र्यानंही शेवटी शटरखाली मान घातली.

सकाळी कोपऱ्यावरच्या दस्तगीरकडून
सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणला, पंक्चरच्या ढिगातला.
दोन पट्ट्या कापून काचेखाली गादी केली.
ट्यूबला ट्यूब.
टिचकी मारली. गप्प.
दोन म्हशींना फुकटचं रबर,
मजुरी दीडशे रुपये.

आठव्या दिवशी सन्मती परत.
"मामा, आवाज झकास आहे. पण रंकाळ्याला फेरी मारताना
आता एकटाच चाललोय असं वाटतंय."
मी काही बोललो नाही. स्क्रू खोलले.
पट्टी काढली नाही. सरकवली.
केसभर इकडं.
तो गल्लीच्या तोंडापर्यंत चालून आला,
म्हणाला, जरा जास्त झाली.
केसभर तिकडं.
चहा आला, गार झाला.
चौथ्या खेपेला तो गेला तो फिरलाच नाही.
वळणावर थांबून त्यानं मान हलवली,
होय म्हणून, की घंटा वाजवायला,
ते पाठमोऱ्याचं कळलं नाही.