बेचाळीसशे

तिच्या बापानं पांढऱ्या रंगात लिहिलं होतं
कन्व्हर्टरच्या पोटावर, वाकड्या आकड्यांत:
४२००.
एवढंच. ना तारीख, ना नाव.
ऑर्व्हिल स्टिडम जास्त लिहिणारा माणूस नव्हता,
केंटकीच्या खाणीत सत्तावीस वर्षं
हजेरीपटावर सही, बस्स.

शनिवारी संध्याकाळी, डोंगरांच्या बेचक्यात
सपाट करून काढलेल्या ह्या पाव कोस नसलेल्या पट्ट्यावर
व्हर्ना गाडी घेऊन आली.
बापाची नोव्हा, बापाचा कन्व्हर्टर.
इंजिन मात्र तिचं. मोठं.
दोन वर्षं रात्रपाळीत
म्हाताऱ्यांच्या कुशी बदलून कमावलेलं.

पहिल्या फेरीनंतर आली, हेल्मेट काखेत.
"क्लेल, काटा एकोणपन्नासशेवर जाऊन थांबतोय.
टॅकोमीटर खोटं बोलतंय, की बाबा?"

मी खुर्चीतून उठलो नाही. गुडघे.
म्हटलं, बस त्या टायरवर.

बंद डबा. आत समोरासमोर दोन पंखे
आणि मध्ये तेल.
एक इंजिनाचा, एक चाकांचा.
एकमेकांना शिवत नाहीत जन्मभर.
पहिला फिरतो, तेल भिरकावतो,
दुसरा त्या तेलाच्या मारानं हलतो,
किंवा हलत नाही.
मध्ये एक तिसरा, लहानगा,
परतणाऱ्या तेलाला वळण लावणारा.
पहिल्याची पाती मी आणि तुझ्या बापानं
पक्कडीनं वाकवली, एकेक, रात्रभर,
आणि दोनदा चुकलो.

आता तू बटण दाबून धरतेस.
गिअरबॉक्स जखडते, चाकं जागच्या जागी,
पाय तळापर्यंत.
इंजिन चढतं, चढतं,
आणि एका आकड्यावर घोडं पेंड खातं.
तेल म्हणतं, याच्या पुढे नाही.
तोच हा आकडा.
(फार वेळ धरू नकोस. चाकं थांबली की
सगळा जोर तेलातच शिजतो.)

पण पोरी, तो डब्यात भरून ठेवलेला नसतो.
ढकलणारा कोण, त्यावर ठरतो.
ऑर्व्हिलच्या इंजिनाला तेल बेचाळीसशेला अडलं.
तुझं जवळजवळ दीडपट दांडगं.
डबा तोच, पाती तीच,
तेल जरा उशिरा अडलं, इतकंच.
हवा जड झाली तर आणखी वर सरकेल,
उकाड्यात पातळ झाली तर खाली येईल.
कोणी खोटं बोललेलं नाही.

ती हातमोज्याचा शिवणीतला दोरा ओढत राहिली.
"मग ठेवू की बदलू?"

सुटताना जे देतो, म्हटलं,
त्यातलं थोडं शेवटाला परत घेतो;
शेवटच्या शंभर फुटांत इंजिन ओरडेल
आणि गाडी तेवढी धावणार नाही.
आधी तेलाचा वास घे.

तिनं पट्टी ओढली, नाकाशी धरली,
जीन्सला पुसली. गुलाबी होतं. करपलेलं नव्हतं.

रात्री दहाला टेनेसीच्या एका पिवळ्या पिकअपशी जोडी लागली.
तीन दिवे, एकामागून एक,
तिचा अंगठा उठला
आणि नोव्हाची पुढची चाकं वीतभर हवेत.
पहिले साठ फूट तिनं असे गिळले
की कठड्यावरचे लोक उभे राहिले.
मग तिच्या बाजूला लाल दिवा.
हजारांश सेकंदांचा फरक. दोन.
अंगठा घाईत होता.

गाडी ट्रेलरवर चढवताना
तिनं खाली वाकून टॉर्च मारला,
पांढऱ्या आकड्यांवर बराच वेळ.
मला वाटलं, रंगाचा डबा मागेल.

"त्या दिवशी हवा कशी होती?"

आठवत होतं.
ऑक्टोबर. गवतावर दहिवर.
ऑर्व्हिल ओरडून आकडा सांगत होता
आणि मागच्या सीटवर, त्या गोंगाटात,
तू झोपलेली.
मी एवढंच म्हटलं: थंड.

"मग आजच्या उकाड्यात
बाबांचा एक्केचाळीसशेच भरला असता,"
ती म्हणाली,
आणि साखळी आवळायला लागली.