खाडा

दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर.
दूध आलं नाही की पोपटरावांच्या नावाने एक फुली.
माझे ठिपके पेन्सिलीचे, तारखेच्या कोपऱ्यात,
एवढेसे, की माशी बसून गेली असेल.
पहिला दिवस धरून
बारा, चौदा, सोळा. एक दिवसाआड.
कॉलेज रोडच्या डॉक्टरीणबाईंनी
चिठ्ठीमागे काढून दिलंय:
एक वर्तुळ, एक बाण, पुढे चोवीस तास.
"ते थांबत नाही. तुम्हीच आधी जाऊन थांबायचं."

हे मला शिकवायला नको.
मी सीबीएसवर माईकसमोर बसते.
पेठची लागली, कळवणची सुटली.
सुटलेली गाडी कुणासाठी मागे येत नाही.

वाल्मीकची पाळी अंबडला, रात्रीची.
माझी माझ्याजवळ.
दोन्ही बदलून मिळत नाहीत.
सकाळी साडेसातला येतो, हाताला कूलंटचा वास,
डोळे अर्धे कंपनीतच.
मी म्हणते, आज चौदावा.
तो म्हणतो, आधी आंघोळ करू का?
हॉलमध्ये सासूबाई मेथी निवडत असतात
आणि आमच्या दाराची कडी नीट लागत नाही.
आम्ही टेबलफॅन पाचावर ठेवतो, आवाजासाठी.
डिसेंबरातल्या नाशकात.
नंतर कमरेखाली उशी.
बाई म्हणाल्या होत्या, गरज नाही.
उशी तरीही.
तो घोरू लागतो. मी छताकडे बघत
दहाच्या ड्युटीची मिनिटं मोजते.

असे अकरा महिने.

महिनाअखेर. सासूबाई हिशेबाला बसल्या.
"फुल्या चार, ठिपके तीन. सात खाडे."
पोपटराव दारात, गळ्याला हात लावून:
"काकू, चारच! बाकीचं मी स्वतः घातलंय."
"मग हे काय?"
त्यांनी चष्मा पुसला. मागची पानं उलटली.
नोव्हेंबर. ऑक्टोबर. दिवाळीतही तीन.
प्रत्येक महिन्यात थोडे मागे सरकलेले,
पण तीनच, आणि मधे एकेक घर रिकामं.
ओट्यापाशी माझी पोळी करपली.
"चारच धरा," त्या पोपटरावांना म्हणाल्या
आणि पैसे मोजून दिले.
माझ्याकडे पाहिलं नाही.
ते न पाहणं मी अजून फेडतेय.

जानेवारीतल्या पहिल्या ठिपक्याला
पिशवीत दोन लुगडी, गोळ्यांची डबी,
यमुनामावशींसाठी तिळाच्या वड्या.
"जाऊन येते चार-पाच दिवस. तिचे गुडघे धरलेत."
यमुनामावशींचे गुडघे मला माहीत आहेत.
दसऱ्याला गड पायऱ्यांनी चढून आल्या.
"सिन्नरची कितीला आहे गं?"

माईक जरा जवळ ओढला.
प्रवाशांनी लक्ष द्यावे,
सिन्नरला जाणारी गाडी
फलाट क्रमांक तीनवर लागली आहे.
त्या खिडकीशी बसल्या होत्या,
पिशवी मांडीवर, नजर समोर,
तिकिटाचे सुटे पैसे मुठीत.

एकदाच सांगायचा नियम आहे.
मी दोनदा सांगितलं.