शून्य ग्रेची काच

बी शेवंतीकाकींचं, शिरोड्याच्या खाजणातलं,
मिठागराला लागून जो तुकडा आहे, तिथलं.
गॅमा किरणं खाऊन परत आलं
चार खाकी पाकिटांत: शून्य, शंभर, दोनशे, तीनशे ग्रे.
दिसायला चारही सारखीच.
शून्यातला एक दाणा मी चावून पाहिला.
भात.

वेंगुर्ल्यात पडदे ओढून
पिवळ्या दिव्याखाली मुळांची टोकं कापते.
उजेडानेसुद्धा धागे तुटतात.
बर्फावरच्या बशीत दाढीचं पातं,
दाबायचं नाही, नुसतं टेकवत जायचं,
मग केंद्रकं सुटून पाण्यात येतात.
काचेवर अगारोजचा थर. तेही समुद्रातलंच,
शेवाळातून काढलेलं; डब्यावर गाव मात्र परदेशातलं.

वीस मिनिटं वीज.
अख्खा डीएनए जागचा हलत नाही,
तुटके तेवढे धन टोकाकडे ओढले जातात
आणि भिंगाखाली हिरवी
शेंडेनक्षत्रं.
एका काचेवर पन्नास. डोकं किती, शेपूट किती.
तीनशेच्या काचेवर डोकं शोधावं लागतं.

काकींना दाखवलं. डोळा लावून बराच वेळ गप्प.
मग, "दुखता काय गो तेका?"
म्हटलं, दुखण्याचा रकाना नाही आमच्याकडे.
"मगे शेपूट कित्याक मोजतंस?"

चोवीस तासांनी त्याच रोपांची पुन्हा काच केली.
दोनशेची शेपूट निम्म्यावर आलेली.
ओल्या कागदावर, अंधारात,
आपलं आपण शिवलं होतं त्यांनी.
शिवताना एखादा टाका चुकला असेल,
त्या चुकीतूनच खारं सोसणारी लोंबी निघायची.
सात-आठ हंगामांनी. निघाली तर.

खटकते ती शून्याची काच.
जिला कुणी काही केलं नाही
तिच्यावरही पन्नासांत सहा शेपट्या.
मिठाने असेल. वाढताना असेल.
किंवा माझ्याच पात्याने.
किती माझं नि किती आधीचं,
हे सांगणारी पाचवी काच नाही.
अहवालात हे सगळं 'पार्श्वभूमी' म्हणून वजा होतं.
केलं वजा.

काल काकींचा फोन.
बांध फुटला, खाडी आत शिरली, कणगीतलं बीही भिजलं.
"तुज्याकडे ता काय्येक न केलेला पाकीट हा मा?"

रात्री टेबलावर ओतून मोजलं.
चारशे बारा.
एक मी चावला होता.