नाव घेणे

बुधवारच्या महिला संघात मला बोलायला सांगितलंय.
विषय चिठ्ठीवर आलाय, सेक्रेटरीबाईंच्या वळणदार अक्षरात:
विवाह दृढ करण्यासाठी पत्नीने काय करावे.
वेळ वीस मिनिटं. नंतर चहा.

नव्या सुना पुढच्या बाकांवर असतील,
मेंदी अजून पुरती न उतरलेली.
काल रात्री मी सात मुद्दे काढले.
सकाळी पाच खोडले.

उरलेल्यांतला पहिला:
सूर्य मावळायच्या आत राग सोडावा,
असं पाळकसाहेब प्रत्येक लग्नात सांगतात.
बायांनो, परदेशीपुऱ्यात आमचा सूर्य
रात्री बाराला मावळायचा,
मिलची दुसरी पाळी सुटली की.
तोवर राग आणि डाळ
दोन्ही मंद आचेवर ठेवून मी जागी असायची.
डाळ कधीकधी बुडाला लागायची.
रागही.

मग मिलचा भोंगा कायमचा थांबला
आणि आमच्या घरात दिवस मावळेचना.
ते खाटेवर, भिंतीकडे तोंड करून.
मी मिशनच्या दवाखान्यात, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी.
पगाराचं पाकीट पिठाच्या डब्यामागे ठेवायची:
हातात द्यायची मला लाज,
मागायची त्यांना.
एकदा म्हणाले, तुझ्या पोळीला फिनाइलचा वास येतो.
मी ताट उचललं.
दुसऱ्या दिवशी वाढलंच नाही.

पतीसाठी प्रार्थना कर, जी ती सांगायची.
गुडघे टेकायची. शब्द यायचे नाहीत.
जे यायचे ते प्रभूपुढे ठेवण्याजोगे नव्हते.
(आता वाटतं, ठेवायला हवे होते.
त्याने याहून वाईट ऐकलंय.)
शेवटी नुसतं नाव घ्यायची.
लग्नात घेतलं होतं तसं नव्हे;
तेव्हा यमकासाठी कुठून तरी
चांदीचा पेला आणला होता, द्राक्षांचा घोस आणला होता.
आता मागे काही नाही, पुढे काही नाही,
अंधारात एक शब्द:
शांतवन.
शांतवन.
सात महिने.
कितव्या तरी महिन्यात ध्यानात आलं,
नवऱ्याचं नाव घेतेय
की देवाकडे काही मागतेय,
माझं मलाच सांगता येईना.

एका रविवारी, उपासनेची घंटा व्हायच्या आधी,
ते चौकातून पोहे घेऊन आले.
कागदाला वाफ धरलेली, वर शेव,
आणि जिरावन वेगळ्या पुडीत.
माझं पित्त त्यांच्या लक्षात होतं.
भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस
काय काय लक्षात ठेवत असतो!
बोललो काहीच नाही.
एकाच कागदातून खाल्लं,
आणि उशिरा पोचलो, दुसऱ्या गीताला.

दुसरा मुद्दा लहान आहे,
पण तो मोठ्याने वाचणार आहे,
पाळकसाहेब मागच्या बाकावर असले तरी:
सोसणं वेगळं, गिळणं वेगळं.
ज्या घरात हात उठतो
तिथल्या माराला आपला क्रूस म्हणू नका.
क्रूस ज्याने उचलला त्याने आपण होऊन उचलला,
बायकोच्या पाठीवर ठेवायला कुणाला दिला नाही.
माझं दार गल्लीत शिरलं की तिसरं, निळं.
रात्री-अपरात्री वाजवा.

शांतवन बाहेर स्कूटर पुसतायत, मला सोडायला.
काय बोलणार आहेस, विचारलं नाही.
फिनाइलचं सांगू नको, एवढंच म्हणाले.
सांगणार आहे.

वीस मिनिटं काही भरायची नाहीत.
उरलेल्या वेळात त्या पोरींना म्हणेन,
एकेकीने नाव घ्या,
उखाणा नको, नुसतं नाव.
लाजतील, एकमेकींना कोपर मारतील, घेतील.
एखादी गप्प राहील.

चहाच्या वेळी
मी तिच्या शेजारी जाऊन बसेन.